डाउनची रजई घरी धुताना: आधी वाळवायची सोय बघा

डाउनची, म्हणजे बदकांच्या मऊ लवेने भरलेली रजई धुवायला दीड-दोन तास लागतात आणि वाळवायला जवळजवळ अख्खा दिवस. हे गणित आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण घरी धुतलेली रजई बिघडते ती बहुधा वाळवताना. वाळवायची सोय नसेल तर धुवायला काढूच नका. सोय असेल तर मात्र ड्रायक्लीनिंगवर पैसे घालवायचं काही कारण नाही. काम किचकट नाही, वेळखाऊ आहे.

हे सगळं मुख्यतः जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, कॅनडा अशा ठिकाणी नव्याने घर मांडलेल्या मंडळींसाठी. आपल्याला सवय असते गोधडीची, सोलापुरी चादरीची आणि फार तर कापसाच्या रजईची. गोधडी दगडावर आपटून धुवायची आणि कडक उन्हात टाकायची. कापसाची रजई तर धुवायचीच नाही, तिला ऊन दाखवायचं आणि कापूस बसला की पिंजाऱ्याकडे द्यायची. डाउनला यातलं काहीच चालत नाही. आपटणं नाही, झोडपणं नाही, पिळणंही नाही. पण धुवायची मात्र असते, आणि नीट धुतली तर पंधरा-वीस वर्षं सहज टिकते.

आत असतं तरी काय

बदक आणि गूस (हंसासारखा पाळीव पक्षी) यांच्या छाती-पोटावर, वरच्या पिसांच्या खाली जी मऊ लव असते ते डाउन. साध्या पिसाला मधे कडक दांडा असतो. डाउनला तो नसतो, एका बारीक बिंदूपासून सगळ्या बाजूंना तंतू फुटलेले असतात. या तंतूंच्या जाळीत हवा अडकते आणि आपल्याला जी ऊब मिळते ती या अडकलेल्या हवेची. डाउन ओलं झालं की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते आणि हाताला लागतात नुसते गोळे. पूर्ण सुकून तंतू मोकळे झाले की पुन्हा फुगतं. लेबलवर ६००, ७००, ८०० असा 'फिल पॉवर'चा आकडा दिसतो. एक औंस डाउन किती घनइंच जागा व्यापतं, त्याचं ते माप. आकडा जितका मोठा तितकं कमी वजनात जास्त फुगणारं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. डाउन म्हणजे केरॅटिन, तेच प्रथिन जे आपल्या केसांत आणि लोकरीत असतं. केसांवर जे ओतायला तुम्ही धजणार नाही, ते रजईवरही ओतू नका.

लेबल वाचा, मगच पुढे जा

पहिली खात्री ही करायची, की रजई खरंच डाउनची आहे ना. भारतातून बॅगेत घालून आणलेले 'कम्फर्टर' बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे असतात. ते चादरीसारखे निवांत धुवा, त्यांना हा लेख लागू नाही. डाउनच्या रजईवर टक्केवारी लिहिलेली असते, म्हणजे ९० टक्के डाउन आणि १० टक्के पिसं वगैरे. जर्मनीत 'डाउनेन' म्हणजे डाउन आणि 'फेडर्न' म्हणजे पिसं.

मग चिन्हं. पाण्याच्या टबाचं चित्र आणि त्यात ३०, ४० किंवा ६० असा आकडा असेल तर मशीनमध्ये चालते आणि तो आकडा म्हणजे पाण्याचं कमाल तापमान. टबावर फुली असेल तर विषय संपला. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर. त्या गोलात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे नेहमीची. या चिन्हावर फुली असेल तर थांबा आणि ती रजई बाहेर द्या. टबवाल्या चिन्हाला परवानगी पण ड्रायरवर फुली, असली रजई घरात धुण्यात अर्थ नाही.

जिचं मूळ कापडच रेशमी आहे अशी रजईही घरी नको. आणि कुणी तुम्हाला आयडरडाउनची रजई भेट दिली असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. आयडर नावाच्या समुद्री बदकांनी घरट्यात अंथरलेलं डाउन आइसलँडमध्ये हाताने गोळा करतात आणि अशा एका रजईची किंमत हजारो डॉलरमध्ये असते. तिला घरच्या मशीनची दिशाही दाखवू नका.

कुठल्या मशीनमध्ये?

समोरून दार असलेलं, म्हणजे फ्रंट लोड. मधोमध उभा दांडा असलेलं टॉप लोड अमेरिकेत अजून बऱ्याच घरांत दिसतं, ते टाळा. तो दांडा रजईला गुंडाळून ओढतो आणि आतले पडदे फाडतो. रजईवर चौकोन दिसतात ना, त्यांच्या आत कापडाचे पातळ पडदे शिवलेले असतात. तेच डाउनला जागच्या जागी धरून ठेवतात. ते फाटले की सगळं डाउन एका कोपऱ्यात जमा होतं आणि उरलेल्या भागात नुसती दोन कापडं राहतात. हे घरी दुरुस्त होत नाही.

आकाराचा अंदाज असा: कोरडी रजई ड्रममध्ये ठेवल्यावर ड्रम कोंबून भरता कामा नये. दाबायला लागली तर मशीन लहान आहे. जर्मनीत नवरा-बायकोची वेगवेगळी रजई असायची पद्धत आहे, १३५ बाय २०० सेंटिमीटरची. ही उन्हाळी, पातळ असेल तर घरच्या ७-८ किलोच्या मशीनमध्ये बसते. हिवाळी जाड असेल किंवा इंग्लंड-अमेरिकेतल्यासारखी दोघांची मिळून एक किंग साइझ असेल, तर सरळ लाँड्रोमॅट, म्हणजे पैसे देऊन मशीन वापरायचं दुकान, गाठा. तिथली मोठी मशीन १८ किंवा २७ किलोची असतात आणि शेजारीच तेवढेच मोठे ड्रायर. शनिवार-रविवारी जाऊ नका. तुम्हाला एक ड्रायर तीन-चार तास अडवून ठेवायचा आहे आणि मागे रांग उभी असेल तर लोक तुमच्याकडे जसं बघतील तसं बघून घ्यायची तयारी हवी. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जा. सुट्टी नाणी किंवा तिथलं कार्ड आधी भरून ठेवा.

'वॉशर-ड्रायर' म्हणजे एकाच मशीनमध्ये दोन्ही कामं, असं यंत्र भाड्याच्या घरात असेल तर त्याच्यावर विसंबू नका. त्याची वाळवायची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते. ते रजई धुईल आणि मग ओलीच तुमच्या अंगावर टाकेल.

धुण्याआधीची कामं

खोळ काढा. उजेडात धरून चारी कडा आणि शिवणी तपासा. बारीकसं भोक असेल तर पातळ सुईने आत्ताच शिवून टाका, नाहीतर ड्रममधून निघेल तेव्हा बर्फ पडल्यासारखी पिसं घरभर. कापडातून पिसाचं टोक बाहेर डोकावत असेल तर ते उपटायचा मोह आवरा. उपटलं की भोक मोठं होतं आणि त्याच्या मागून त्याची भावंडं येतात. पलीकडच्या बाजूने चिमटीत धरा, आत ओढून घ्या आणि कापड बोटाने चोळा.

डागांचं आपल्या घरात जरा जास्त बघावं लागतं. हळद, तेल, बिछान्यात बसून प्यायलेला चहा. डाग असलेल्या जागी आतलं डाउन बोटांनी बाजूला सारा, वरचं कापड तेवढं चिमटीत वर घ्या आणि त्याच्या खाली रबरबँड लावून टाका. आता साबणाचं पाणी फक्त त्या कापडाला लागेल. तेलाच्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, पाच-दहा मिनिटं, मग ओल्या फडक्याने टिपून घ्या. हळदीचा डाग साबणाने लाल होईल, घाबरू नका. एका धुण्यात तो जाणारही नाही, पण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही, त्यामुळे पुढे तेवढा भाग खिडकीत उन्हाकडे धरला की फिका पडत जातो. लहान मुलाने रजई ओली केली असेल किंवा रक्ताचा डाग असेल तर पाणी थंडच घ्या. गरम पाण्याने असे डाग कापडात बसतात ते कायमचे.

आता एक काम, जे फारसं कुणी सांगत नाही. रजईचं वजन करा. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असतोच. रजई मोठ्या पिशवीत घाला, काट्याला अडकवा आणि आकडा लिहून ठेवा. हा कोरड्या रजईचा आकडा संध्याकाळी लागणार आहे.

धुणं

साबण द्रवरूप, सौम्य आणि थोडा. नेहमी वापरता त्याच्या तिसरा हिस्सा पुरे, लोकरीसाठीचा किंवा खास डाउनसाठीचा मिळाला तर उत्तम. पावडर नको, ती डाउनमध्ये अडकून बसते. एन्झाइमवाला, ज्याला इंग्लंडमध्ये 'बायो' म्हणतात, तो नको, कारण त्यातले काही एन्झाइम प्रथिनं तोडण्यासाठीच घातलेले असतात आणि डाउन हे प्रथिनच. क्लोरीन ब्लीच नको, कारण तेच. फॅब्रिक सॉफ्टनरही नको. तो तंतूंवर थर चढवतो आणि मग रजई फुगत नाही. 'मऊ व्हावी' म्हणून सॉफ्टनर घालणाऱ्यांची रजई नेमकी त्यामुळेच चपटी होते.

रजई एकटीच धुवा. ड्रममध्ये टाकताना घडी घालू नका, सैलसर गोळा करून सरकवा आणि दाबून हवा काढा. डाउनच्या रजईचं कापड फार घट्ट विणीचं असतं, नाहीतर डाउन बाहेर येईल. ते ओलं झालं की त्यातून हवाही जात नाही आणि रजई फुग्यासारखी फुगून पाण्यावर तरंगत बसते. मग वरून ओली, आतून कोरडी, अशी ती नुसती फिरते. मशीन मधे थांबवता येत असेल तर सुरुवातीची दहा मिनिटं झाल्यावर थांबवून हाताने दाबून घ्या.

प्रोग्रॅम नाजूक कपड्यांचा किंवा 'डाउन' असं लिहिलेलं बटण असेल तर तेच. तापमान लेबल सांगेल तेवढं, पण त्यातही साधारण मळासाठी ३० ते ४० पुरे. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल आणि लेबल ६० ची परवानगी देत असेल तर ६० वर धुवा, धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) त्या तापमानाला मरतात. जर्मनीतल्या पुष्कळ रजयांना ६० चालतं.

खळबळणं दोनदा, जमलं तर तीनदा. 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण त्यासाठीच आहे. डाउनमध्ये राहिलेला साबण सुकल्यावर गोळे धरतो आणि घामाने पुन्हा चिकट होतो. खळबळायला लागलं की दारातून बघा. फेस दिसतोय तोवर काम झालेलं नाही. शेवटी स्पिन मध्यम वेगावर, ८०० च्या आसपास, आणि पाणी बरंच राहिलंसं वाटलं तर पुन्हा एकदा नुसतं स्पिन.

बाहेर काढताना तिचं रूप बघून पोटात गोळा येतो. फुगीर रजईच्या जागी एक चपटं, करडं दिसणारं, ओल्या बदकाच्या वासाचं ओझं. वास येणारच, पक्ष्याचीच पिसं ती. सुकली की वास जातो. फक्त उचलताना एका टोकाला धरून लोंबकळवू नका. सगळं ओलं वजन खाली येतं आणि ते मघाचे पडदे टरकतात. दोन्ही हात खाली घालून, झोपलेलं मूल उचलावं तशी उचला आणि टोपलीत ठेवा.

वाळवणं, म्हणजे खरं काम

ड्रायर मोठा हवा, रजईला आत गडगडायला जागा हवी. सोबत दोन-तीन टेनिसचे चेंडू टाका. नवे चेंडू रंग सोडू शकतात म्हणून जुन्या पांढऱ्या मोज्यात घालून गाठ मारा. लोकरीचे ड्रायर बॉल असतील तर मोज्याची भानगड नाही. चेंडू आपटत राहतात आणि ओले गोळे फुटत जातात. आवाज भयंकर होतो. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि खालचे शेजारी कडक असतील तर हे काम रविवारी किंवा रात्री दहानंतर काढू नका. जर्मनीत तर मुळीच नको.

उष्णता कमी ठेवा. 'जास्त गरम म्हणजे लवकर सुकेल' हा हिशेब इथे चुकतो. बाहेरचं कापड भाजतं, डाउन ठिसूळ होतं आणि मधला गोळा ओलाच राहतो. ड्रायरचा लिंट फिल्टर सुरू करण्याआधी साफ करा आणि मधूनमधूनही बघा.

दर अर्ध्या तासाने ड्रायर थांबवा आणि रजई बाहेर काढा. आळस करू नका, सगळी गोम इथेच आहे. प्रत्येक चौकोन बोटांनी चाचपायचा. गोळा लागला की तो दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच मोकळा करायचा, गुंता सोडवतो तसा. ओढायचा नाही. मग रजई दोन कोपऱ्यांना धरून झटका, उलटी करा आणि परत आत टाका. पहिल्या दोन फेऱ्यांत काही फरक दिसत नाही आणि वाटतं, वाया गेली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एकेक चौकोन फुगायला लागतो. पातळ रजईला तीन तास धरा, जाड हिवाळीला पाच किंवा जास्तही. घरचा ड्रायर हीट पंपाचा असेल तर तो थोड्या कमी उष्णतेवर चालतो, त्यामुळे वेळ आणखी वाढवा. डाउनला ते मानवतं.

ड्रायर स्वतःहून 'झालं' म्हणून थांबला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याचा सेन्सर कापडाला लागलेली ओल ओळखतो आणि कापड सगळ्यात आधी सुकतं. सेन्सरवाला प्रोग्रॅम सोडून वेळ लावून चालवा.

झाली की नाही, हे कसं कळणार? रजई खिडकीसमोर धरा. सगळीकडून सारखा उजेड आला तर ठीक, कुठे गडद ठिपके दिसले तर तिथे गोळे आहेत. बदकाचा वास पूर्ण गेलेला हवा. आणि मग तो काटा काढा. समजा सकाळी रजई १.८ किलो भरली होती आणि आता २.१ भरते आहे, तर आत अजून ३०० ग्रॅम पाणी आहे, वरून कितीही कोरडी लागो. आकडा सकाळच्या इतका किंवा किंचित कमी आला की थांबा. ड्रायरमधून काढल्या काढल्या डाउन जरा जास्तच कोरडं असतं, खोलीतल्या हवेतून ते थोडी ओल परत घेतं.

तरीही लगेच खोळ घालू नका. एक दिवस खुर्च्यांच्या पाठींवर किंवा कपडे वाळवायच्या स्टँडवर पसरून ठेवा आणि येता-जाता झटका. दोन दिवसांनी नाक लावून बघा. कुबट वास आला तर आत ओल राहिली आहे, परत ड्रायरमध्ये. ओल तशीच राहिली आणि बुरशीचे काळे ठिपके उठले तर मात्र रजई गेली, ती पुन्हा धुऊन वापरायच्या फंदात पडू नका.

ड्रायर नसेलच तर

पुण्यात-नाशकात हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेली डाउनची स्लीपिंग बॅग घरात असते आणि ड्रायर नसतो. तिथे हे काम एप्रिल-मेमध्ये काढा. हवा कोरडी आणि तापलेली असते. बादलीत किंवा टबात कोमट पाण्यात दाबून दाबून धुवा, चोळू नका, पिळू नका, पाणी बदलून फेस जाईपर्यंत खळबळा. मोठ्या टॉवेलांत गुंडाळून पाणी दाबून काढा. मग आडवी पसरा, जाळीच्या खाटेवर किंवा स्टँडवर, म्हणजे खालूनही हवा लागेल. दोरीवर टांगू नका. जागा सावलीची, वारा खेळता, वरून पंखा. तासा-दोन तासांनी गोळे फोडायला जायचंच. दोन-तीन दिवस लागतात. पावसाळ्यात हा उद्योग करू नका आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर एरवीही दहादा विचार करा.

उशा आणि उरलेलं

डाउनच्या उशांची रीत तीच, फक्त एकावेळी दोन धुवा म्हणजे ड्रमचा तोल राहतो. डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर उशीला साध्या अभ्र्याच्या आत चेनवाला दुसरा अभ्रा घाला. तेल डाउनपर्यंत गेलं की काढणं कठीण. उशा वर्षातून एक-दोनदा धुवाव्यात.

रजई मात्र दर वर्षी धुवायची गरज नाही, दोन वर्षांतून एकदा पुष्कळ झालं. त्याऐवजी खोळ आठवड्या-दोन आठवड्यांनी बदला आणि रोज सकाळी रजई लगेच घडी न घालता खिडकी उघडून थोडा वेळ पसरून ठेवा. रात्रभराचा घाम उडून जातो. उन्हात टाकायची तर कोवळ्या, थोडाच वेळ.

उन्हाळ्यात ठेवून देताना सुती पिशवी किंवा जुनी खोळ घ्या. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. हवा काढून चपटी करणाऱ्या व्हॅक्यूम पिशव्या घर बदलताना किंवा बॅगेतून भारतात नेताना दोन-चार दिवस चालतील, सहा महिने कपाटात ठेवायला नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत, तो वास डाउनमधून निघता निघत नाही.